कुलूप, किल्ली आणि कारागिराचे बलुते



दौंडाहून दक्षिणेस निघालेला रस्ता पुणे-सोलापूरच्या हमरस्त्याला जेथे मिळतो, तेथे आमचे कुरकुंभ गाव वसले आहे. एका अंगास टेकडीवर फिरंगाई देवीचे देऊळ आणि दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने. ह्या पंचक्रोशीत मी आयुष्यभर शाळामास्तरकी केली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्रातील अधिकारी म्हणून मी आज आपणांपुढे आलेलो नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मला इतिहासाची बरीच पाने चाळावी लागली. त्या शोधाची हकीकत आपणांस सांगावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

हा विद्यार्थी सुताराच्या घरातला. त्याचे आजोबा गावाचे सुतार होते. वडिलांनीही रंधा, पटाशी आणि लेथ ह्यांवरच संसार चालविला. त्याने स्वतः मात्र घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये, दिवसाची नोकरी सांभाळून, दोन वर्षे रात्री जागून एक यंत्र उभे केले. लाकडाच्या फळीवर संगणकाच्या हुकमाप्रमाणे नक्षी कोरणारे हे यंत्र. लोक त्यास सीएनसी राऊटर म्हणतात. कारखान्यातील असे तयार यंत्र विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणून मोटारी एका ठिकाणाहून, लोखंडी चौकट दुसऱ्या ठिकाणाहून, असे करीत त्याने ते जुळविले. यंत्र चालविणारी आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ती, त्याने एका परदेशी हौशी गृहस्थाकडून घेतली. तिचा साधा भाग सर्वांस फुकट होता. परंतु गोल खांब फिरवीत ठेवून त्यावर नक्षी कोरावयाची असेल, तर त्या सोयीसाठी पैसे मोजावे लागत. ते त्याने मोजले आणि त्यास अंकांची एक किल्ली मिळाली. ही किल्ली त्याच्या यंत्रातील एका विशिष्ट कार्डावरच चाले. दुसऱ्या कोणत्याही कार्डावर ती निरुपयोगी होती.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी एका घरच्या देव्हाऱ्याचे काम त्याच्या हाती होते. चार कोरीव खांब, वर महिरप आणि मागे प्रभावळ. एका रात्री विजेचा दाब अकस्मात वाढला आणि ते कार्ड जळाले. नवे कार्ड दोन दिवसांत आले. यंत्र पूर्ववत चालू लागले. फळीवरची नक्षी ते कोरू लागले. पण खांब फिरविण्याची सोय मात्र बंद ती बंदच. आज्ञावलीच्या कर्त्यास त्याने पत्रावर पत्र लिहिले, उत्तर नाही. तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, मी पैसे रोख मोजले. मग ही वस्तू माझी, की त्या जळक्या कार्डाची?’’

प्रश्न वरकरणी एका सुताराच्या पोराचा दिसतो. पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. कारागिराने एखादी युक्ती शोधून काढली, तर तिचे मोल त्याला कोणी, कसे आणि किती काळ द्यावे? आणि ते मोल वसूल करण्यासाठी त्याने घातलेले बंधन दुसऱ्यास कोठवर जाचावे?

प्रथम हे कुलूप म्हणजे काय ते समजून घेऊ. राऊटरचा कोरणारा हात तीन दिशांनी सरकतो: डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली. प्रत्येक दिशेस एक मोटार असते आणि ती विजेच्या एकेका स्पंदनाबरोबर एकेक पायरी फिरते. नक्षी प्रथम संगणकात काढतात. मग तिचे रूपांतर ‘अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत ह्या वेगाने जा’ अशा ओळींत होते. ह्या ओळींच्या लिपीस जी-कोड म्हणतात. ह्या ओळी वाचून त्यांची स्पंदने बनविणे हे नियंत्रक आज्ञावलीचे आणि तिच्या कार्डाचे काम. आता अशा अनेक कार्डांच्या चकतीवर कारखान्यातच एक अंक कोरलेला असतो आणि तो प्रत्येक कार्डाचा निराळा असतो. कर्ता त्या अंकावर आपले गुप्त गणित चालवून दुसरा अंक काढतो, हीच किल्ली. दोहोंचा मेळ बसला तर आज्ञावली आपले खास दालन उघडते, नाही तर बंद ठेवते. दालन आपल्या घरातच असते. किल्ली मात्र परक्याच्या गणितात असते.

आमच्या गावगाड्याने ह्या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिले होते. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते आपणांपैकी पुष्कळांच्या वाचनात असेल. नांगर, कुळव, पाभर ह्यांची दुरुस्ती सुताराने वर्षभर करावी. त्या त्या वेळी मजुरी मागू नये. आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, उचलावे, अशी ती रीत होती. परंतु शेतकऱ्यास नवी बैलगाडी करावयाची असेल किंवा घराचे लाकूडकाम काढावयाचे असेल, तर त्याची मजुरी निराळी ठरे. म्हणजे ज्यावाचून शेती अडते ते काम सर्वांना सारखे, आणि जे ऐपतीचे व हौसेचे ते वेगळ्या मोलाने. माझ्या विद्यार्थ्याच्या आज्ञावलीतही हीच वाटणी नव्हती काय? साधे कोरणे सर्वांस मोकळे आणि फिरत्या खांबाची नक्षी पैसे देणाऱ्यास!

तथापि बलुतेदारीचे गोडवे गाऊन थांबणे हा इतिहासाचा अपलाप होईल. त्या व्यवस्थेत कुलूप अवजारावर नव्हते, माणसावर होते. सुताराचा पोर सुतारच व्हावयाचा. महाराने वतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची पडेल ती चाकरी करावयाची आणि तिचा मोबदला गावाच्या मर्जीवर सोडावयाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हे कुलूप तोडण्यासाठीच. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हावयास मात्र 1958 साल उजाडले. ह्यावरून एक धडा घ्यावयाचा. मोबदल्याची रीत कितीही सोयीची असो, ती सोडून जाण्याची वाट दोन्ही पक्षांस मोकळी नसेल, तर ती रीत राहत नाही. तिचे दास्य होते.

आता थोडे समुद्रापलीकडे पाहू. कारण नियंत्रक यंत्राचा जन्म तिकडचा. जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्राची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. पण वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन हे त्या यंत्राचे पैसे कसे घेत, हे शाळेच्या पुस्तकात नसते. जुन्या न्यूकोमेन यंत्राच्या मानाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते मागत. यंत्राने किती हेलकावे घेतले हे मोजण्यासाठी तुळईवर एक गणकयंत्र बसवीत आणि ते पेटीत ठेवून पेटीस कुलूप लावीत. किल्ली बोल्टन आणि वॉट ह्यांच्या ताब्यात! यंत्रावरच्या कुलपाचा हा माझ्या माहितीतील फार जुना दाखला होय. वॉटचे पेटंट 1769 सालचे. पार्लमेंटने 1775 मध्ये त्याची मुदत 1800 पर्यंत वाढवून दिली. कॉर्नवॉल परगण्यातील खाणमालकांस ही देणी डोईजड झाली. कित्येकांनी पैसे थकविले आणि प्रकरणे न्यायालयांत गेली. मुदत संपल्यावर तेथे निराळाच प्रकार घडला. 1811 पासून जोएल लीन ह्या गृहस्थाने कोणत्या खाणीचे यंत्र किती कोळशात किती पाणी उपसते ह्याचे मासिक पत्रक काढण्यास आरंभ केला. एकाची सुधारणा दुसऱ्यास दिसू लागली आणि पुढील काही दशकांत तेथील यंत्रे पहिल्याच्या कित्येक पटींनी काटकसरी झाली.

ह्यावरून कोणी म्हणेल, की कुलूप हे प्रगतीचे वैरीच. माझे मत इतके एकांगी नाही. पहिल्या यंत्रांवर वॉटची वर्षे गेली आणि बोल्टनचा पैसा गुंतला. तो परत मिळण्याची आशा नसती, तर कॉर्नवॉलला सुधारण्याजोगे यंत्र मिळाले असते की नाही ह्याची शंकाच आहे.

त्याच सुमारास फ्रान्सात दुसरा मार्ग चोखाळला गेला. लियों शहराच्या जोझेफ जॅकार्डने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमावर रेशमी नक्षी विणणारा माग 1804 च्या सुमारास सिद्ध केला. आजच्या नियंत्रक आज्ञावलीचा हा आजोबाच म्हणावयाचा. नेपोलियनच्या राजवटीने तो माग सार्वजनिक मालमत्ता ठरविला आणि जॅकार्डला निवृत्तिवेतन व वापरात येणाऱ्या मागांमागे काही रक्कम बांधून दिली. युक्ती सर्वांची आणि पोटाची तजवीज सरकारची, अशी ही व्यवस्था. ती उत्तम खरी. परंतु प्रत्येक जॅकार्डला नेपोलियन कोठून मिळणार?

अंकांच्या हुकमावर चालणारे पहिले कातणयंत्रही सरकारी पैशाचेच अपत्य आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याच्या वक्र आकाराचे बिंदू गणिताने काढून त्याप्रमाणे यंत्र चालवावे, ही कल्पना त्याला आणि त्याचा सहकारी फ्रँक स्ट्युलेन ह्याला सुचली. 1949 साली अमेरिकन वायुदलाने ह्या कामास पैसा दिला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेने, म्हणजे एमआयटीने, ते पुढे नेले आणि 1952 मध्ये अशा यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्या वेळी ते यंत्र चालविणारी विजेची सामग्री एका मोठ्या कपाटाएवढी होती. हौशी माणसाने घरी असे यंत्र बाळगावे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

घरगुती संगणक 1975 च्या सुमारास निघाले आणि त्यांबरोबर आपला मूळ प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. फेब्रुवारी 1976 मध्ये बिल गेट्स ह्या तरुणाने हौशी मंडळींस उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आल्टेअर नावाच्या छोट्या संगणकासाठी त्याने व त्याच्या सोबत्यांनी एक आज्ञावली रचली होती. ती कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपाने विकली जाई. त्याची तक्रार अशी, की आल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहांतील एकानेही ती विकत घेतलेली नाही; बाकीचे एकमेकांकडून नक्कल करून घेतात; मग असे कष्टाचे काम कोण करणार? त्या वर्षी मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि गणिताची वही मित्राला उतरवून देणे हा आमच्यात मोठेपणा समजला जाई! म्हणून त्या नक्कल करणाऱ्यांचे मनही मला कळते आणि गेट्सचा त्रागाही कळतो. त्याच काळात टॉम पिटमन नावाच्या गृहस्थाने तशाच प्रकारची लहानशी आज्ञावली केवळ 5 डॉलरना विकण्यास काढली. किंमत माफक असली, तर लोक चोरण्यापेक्षा विकत घेतील, अशी त्याची धारणा होती आणि त्याला गिऱ्हाईकही मिळाले. पुढे 1982 मध्ये अँड्रू फ्लुगेलमनने आणखी एक पाऊल टाकले. आज्ञावली वाटेल त्याने घ्यावी, वाटेल त्यास द्यावी, आणि उपयोगी वाटली तर 25 डॉलर पाठवावे, असे त्याने जाहीर केले. जवळजवळ त्याच वेळी दुसरी मंडळी संगणकाच्या पाठीमागे खोचण्याचे बोटाएवढे कुलूप बनवीत होती. ते जागेवर नसेल तर आज्ञावली चालतच नसे. विश्वास आणि कुलूप ही दोन रोपे अशी एकाच वाफ्यात उगवली.

यंत्र चालविणाऱ्या आज्ञावल्यांकडे आता पुन्हा वळू. 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ईएमसी नावाची नियंत्रक आज्ञावली तयार केली. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकरांनी नोकरीत केलेल्या लेखनावर स्वामित्वहक्क नसतो; म्हणून ती सर्वांस मोकळी झाली. स्वयंसेवकांनी ती हाती घेतली आणि आज ती लिनक्ससीएनसी ह्या नावाने जगभर चालते. हा जॅकार्डचा मार्ग झाला.

दुसरा मार्ग आर्ट फेनर्टी ह्यांच्या मॅक-3 ह्या आज्ञावलीचा. ती फुकट घेता येई. पण फुकटात 500 ओळींपुढचे काम ती करीत नसे. नावाची एखादी पाटी कोरण्यास तेवढ्या ओळी पुरत. देव्हाऱ्याच्या महिरपीस हजारो ओळी लागतात. तेथे पैसे भरून किल्ली घ्यावी लागे. ही किल्ली खरेदीदाराच्या नावाने दिली जाई. तिच्या पुढच्या पिढीत, म्हणजे मॅक-4 मध्ये, किल्ली विशिष्ट संगणकाशी जखडली गेली. आणि हौशींसाठी एक व कारखान्यांसाठी अधिक सोयींची दुसरी, अशा दोन आवृत्त्या झाल्या. हंगेरीतील एका संस्थेची यूसीसीएनसी ही आज्ञावली तर संगणकाशी नव्हे, यंत्राच्या नियंत्रक कार्डाच्या अंकाशी जखडलेली असते.

तिसरा मार्ग केवळ दातृत्वाचा. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड ह्यांनी 2009 साली ग्रबल नावाची आज्ञावली लिहिली आणि पुढे सनगुन जॉन ह्यांनी ती फावल्या वेळात जोपासली. आर्डुइनो नावाच्या स्वस्त कार्डावरील अवघ्या 32 किलोबाइट जागेत ती बसते आणि यंत्राच्या तीन दिशा सांभाळते. तिच्या परवान्याची अट एवढीच, की घ्या, वाचा, बदला, वाटा; मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास द्याल, तर तिचा मूळ मजकूरही त्यास द्या. ह्या औदार्याचे फळ काय झाले? तीस सेंटिमीटर लांब व अठरा रुंद अशा पाटाची छोटी कोरणयंत्रे जगभर अमाप खपली आणि त्यांच्या पोटी ग्रबलच बसविलेली असते. यंत्र विकणाऱ्यास नफा मिळाला, कार्ड विकणाऱ्यास मिळाला. ज्याच्या रात्री त्या आज्ञावलीत खर्ची पडल्या त्याच्या वाट्यास मुख्यतः लोकांच्या ऐच्छिक देणग्या आल्या. खळ्यावर रास पडावी, सर्वांनी पोती भरावी आणि बलुतेदाराने मात्र कोणी आठवणीने चार मापे घालील काय म्हणून उभे राहावे, असा हा देखावा आहे.

म्हणून काही हौशी कर्त्यांनी मधला मार्ग पत्करला. यंत्र चालविण्यापुरता भाग मोकळा ठेवावयाचा, आणि फिरता आस किंवा हत्याराची उंची आपोआप मोजणे अशा ज्या सोयींतून वापरणाऱ्यास चार पैसे सुटतात, तेवढ्यांवर कुलूप घालावयाचे. कुलूप कार्डाशी बांधले म्हणजे एक किल्ली शंभर ठिकाणी फिरत नाही, आणि कर्त्यास पुढील सुधारणेपुरता पैसा मिळतो. ह्यात मला अन्याय दिसत नाही. आपल्या आजोबांच्या काळी बैलगाडीची मजुरी निराळी होती, तशीच ही.

मराठी वाचकांनी असल्या कुलपाचा अनुभव वेगळ्या क्षेत्रात घेतलेलाच आहे. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. संगणकावर देवनागरी उमटविण्यासाठी आधी जिस्ट नावाचे कार्डच संगणकात बसवावे लागे. पुढे श्रीलिपीसारख्या आज्ञावल्या छापखान्यांतून रूढ झाल्या आणि अशा आज्ञावल्यांबरोबर बहुधा ते बोटाएवढे कुलूपही येई. लग्नपत्रिका असो की दिवाळी अंक, त्या कुलपावाचून अक्षर उमटत नसे. ते हरवले की छापखाना अडला! पण ह्याच मिळकतीवर मराठी अक्षरांची वळणे घडली, हेही विसरता येत नाही. 1991 मध्ये युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीस स्थान मिळाले आणि 2000 नंतर ते हळूहळू साऱ्या संगणकांत आले. आज शाळकरी मूल दूरध्वनीवर फुकट मराठी लिहिते. साधे लिहिणे सर्वांचे झाले. सुंदर वळणाची अक्षरे आणि पुस्तकाची मांडणी ह्यांचे मोल मात्र ज्याला हवी तो आजही देतो.

ह्या विषयाचा शेवटचा धागा आमच्याच जिल्ह्यात सापडतो. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठी जागा सोडून ते त्या कोरडवाहू गावात आले. हाताने काम करीत शिकावे आणि गावाला उपयोगी पडेल ते काम मोल घेऊन करावे, ही त्यांची शिक्षणपद्धती. 2002 साली एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड ह्यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या हुकमावर वस्तू घडविणारी कार्यशाळा, उभी राहिली. त्या तंत्रसंस्थेच्या आवाराबाहेर उभ्या राहिलेल्या अशा पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते. जेथे 1952 साली अंकांचे यंत्र प्रथम फिरले, त्याच संस्थेतून बरोबर पन्नास वर्षांनी ती विद्या पाबळास पोचली! कलबाग 2003 मध्ये निवर्तले. कार्य चालू राहिले. ह्या कार्यशाळांची एक जागतिक सनद आहे. तिचा आशय असा, की येथे घडलेली युक्ती शोधकाने हवी तशी राखावी, विकावी; मात्र व्यक्तीला ती वापरण्याची आणि तिच्यापासून शिकण्याची वाट बंद होऊ नये. गावगाड्याचे शहाणपण त्याच्या दास्यावाचून उचलावयाचे म्हटले, तर ह्याहून चांगले शब्द मला तरी सुचत नाहीत.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. मी त्याला सांगितले, ‘‘तू पैसे दिलेस ते योग्यच केलेस, त्या कर्त्याने मागितले तेही योग्यच. चूक आहे ती एका ठिकाणी. कार्ड जळेल, संगणक मोडेल, आणि खुद्द कर्ताही एके दिवशी म्हातारा होईल किंवा मरेल, ह्याची तजवीज त्याने केली नाही.’’ वॉटच्या पेटीस निदान 1800 ची मुदत होती. कार्डास बांधलेल्या किल्लीस कोणतीच मुदत नसते. असते ती केवळ कर्त्याच्या हयातीची आणि इच्छेची. म्हणून ज्याने कुलूप घालावे, त्याने तीन गोष्टी आधीच लिहून द्याव्यात असे मला वाटते. यंत्र चालण्यापुरता भाग कधीही बंद होणार नाही. कार्ड बदलल्यास नवी किल्ली विनामूल्य मिळेल. आणि आपण हे काम सोडल्यास कुलूप सर्वांसाठी उघडले जाईल. एवढे पाळले तर ते कुलूप मजुरीची पावती ठरते. न पाळले तर ते गिऱ्हाइकाच्या गळ्यातील लोढणे होते.

देव्हारा वेळेवर झाला. महिरप आणि प्रभावळ यंत्राने कोरली, कारण तो भाग मोकळा होता. चार खांब त्याच्या वडिलांनी आपल्या जुन्या लेथवर कातले आणि त्यांवरची वेल पटाशीने हातांनी काढली. वडिलांचे वय सत्तरीच्या पुढचे. तीन रात्री ते दिव्याखाली बसले होते. परदेशातून उत्तर आजतागायत आलेले नाही.

गोष्ट येथे संपत नाही. त्या अडचणीतून हिरमुसून न जाता ह्या मुलाने ग्रबलच्या घराण्यातील, अधिक ताकदीच्या कार्डावर चालणारी मोकळी आज्ञावली घेतली. तिच्यासाठी खांबावर वेल चढविण्याचे गणित मांडणारी एक छोटी, स्वतंत्र आज्ञावली त्याने स्वतः लिहिली. आसपासच्या तीन-चार कारागिरांनी ती मागितली. परवा तो पुन्हा आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, आता सांगा, मी हिला कुलूप घालू का?’’

मी म्हटले, ‘‘अरे, मजुरी अवश्य घे. तुझ्या आजोबांनी खळ्यावर हात पसरले, तुला ते करावयाचे कारण नाही. पण किल्लीची दुसरी प्रत कोठे ठेवणार ते आधी ठरव.’’

त्याने थोडा विचार केला. मग खिशातून एक कागद काढला. मी मघाशी सांगितलेल्या तीन अटी त्यावर त्याने आधीच लिहिल्या होत्या, आणि खाली सहीसाठी जागा सोडली होती. साक्षीदार म्हणून मी सही केली.